गोळी सोडली की सुटली?



बिडी वळणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, ऊस तोडायला जाणाऱ्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या आपणा सगळ्यांना ‘खाडा’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. खाडा पडला म्हणजे त्या दिवसाची हजेरी बुडाली आणि पैसेही बुडाले. टीबीच्या औषधातही असाच खाडा असतो, गोळीचा खाडा. आपल्या सोलापूरकडं हे दोन्ही खाडे एकमेकांच्या आड येतात. गोळी चुकवायची नाही तर हजेरी चुकते, आणि हजेरी धरून ठेवायची तर गोळी चुकते.

टीबीचं साधं औषध सहा महिने घ्यावं लागतं. मधेच बंद पडलं तर रोग उलटतो. कधीकधी असा उलटतो की नेहमीच्या गोळ्यांना दादच देत नाही. हे सगळं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ते मधेच का बंद पडतं, हे मात्र भिंतीवर लिहिलेलं नसतं. विचारलं तर घरात, गावात, दवाखान्यातही बहुतेक एकच उत्तर मिळतं : ‘तिनंच सोडलं.’

आज आम्ही या ‘तिनंच सोडलं’चा इतिहास सांगणार आहोत. गोळ्या कशा आल्या, त्या घरापर्यंत कशा पोचल्या, आणि पोटात जाताना वाटेत काय काय आडवं आलं, ते क्रमानं पाहू.

सुरुवात करू त्या काळापासून, जेव्हा गोळीच नव्हती. आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. अमेरिकेत जाऊन १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. पण त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बाविशीही पुरी झाली नव्हती. त्याच्या जेमतेम पाच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख या डॉक्टरनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. म्हणूनच २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. चोर सापडला होता, पण त्याला धरायला बेडी नव्हती. स्वतः डॉक्टर असलेल्या बाईलाही तेव्हा औषध मिळू शकत नव्हतं, कारण ते जगात कुठंच नव्हतं.

लोक क्षयाला राजरोग म्हणत. इलाजही राजालाच झेपावा असा होता : थंड हवेची जागा, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने विश्रांती. अशा आरोग्यधामांना सॅनेटोरियम म्हणत. पाचगणीला होतं, मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं. तिथं काही माणसं सुधारलीही. पण आपल्या आज्या-पणज्यांना कुणी म्हटलं असतं, ‘बाई, वर्षभर डोंगरावर जाऊन पडून राहा,’ तर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असतं? ‘मग भाकरी कोण थापणार?’

आणखी एक गोष्ट त्या काळाची लक्षात ठेवू. इंग्लंडात क्षयानं मरणाऱ्यांची संख्या औषध यायच्या आधीच कितीतरी खाली आली होती. लोकांना बरं खायला मिळू लागलं, घरं थोडी ऐसपैस झाली, कामाची स्थिती सुधारली, यांचा त्यात मोठा वाटा होता असं अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे हा रोग जंतूचा आहेच, पण जंतूला घरात थारा मिळतो तो अर्धपोटी माणसामुळं आणि कोंदट खोलीमुळं.

आता आपल्या सोलापुरात येऊ. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला आपण अजून ‘जुनी मिल’ म्हणतो. मग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, दुष्काळी गावांतून शेतकरी आणि मजूर आले. गिरणीच्या खात्यात कापसाची धूळ, आणि रात्री एका खोलीत सात-आठ माणसं. कापसाच्या त्या धुळीनंही फुप्फुसाचा आजार होतो, खोकला लागतो. अशा ठिकाणी साधा खोकला कोणता, धुळीचा कोणता आणि क्षयाचा कोणता, हे कुणी ओळखायचं? ‘गिरणीत खोकला यायचाच’ म्हणून माणूस कामावर जात राही.

पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुरुषांची कामं गेली आणि घरं बायकांच्या सुपावर आली. सूप म्हणजे बिडीचं. तेंदूचं पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायचं, आणि हजारावर मजुरी घ्यायची. इथं एक फरक नीट पाहा. गिरणी कामगारासाठी १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्या योजनेत क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारात घरी पडून असतानाही पगाराचा काही भाग मिळायची सोय होती. कारखान्यात नाव लागलेल्या कामगाराला आजारपण हा हक्क होता. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईला तसं काही नव्हतं. तिच्यासाठी १९६६ साली बिडी कामगारांचा वेगळा कायदा झाला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. त्यातून बिडी कामगारांचे दवाखाने निघाले आणि क्षयाच्या रुग्णांसाठी मदतीच्या योजनाही आल्या. पण त्यासाठी ओळखपत्र लागतं. घरात वळतात चौघी, आणि कार्ड असतं एकीच्या नावावर. उरलेल्या तिघींचं आजारपण कोणाच्याच वहीत नाही.

बायकांनी इथं नुसतं सोसलं असंही नाही. सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. तिला गोदूताई परुळेकरांचं नाव दिलं आहे. ती घरं मोर्चे काढून, वर्षानुवर्षं भांडून मिळवलेली आहेत. वारा खेळणारं स्वतःचं घर ही टीबीच्या विरोधातली मोठी गोष्ट आहे, हे आपण पुढंही लक्षात ठेवू.

आता औषधाकडं वळू. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ते इंजेक्शनानं द्यावं लागे. १९५२च्या सुमारास आयसोनियाझिड ही स्वस्त गोळी हातात आली. क्षय पहिल्यांदाच बरा होऊ लागला. पण भारतात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा काही हजारांत. मग प्रश्न पडला, की गरिबाच्या घरात राहून, गरिबाचं जेवण जेवून, नुसत्या औषधावर हा रोग बरा होईल का?

याचं उत्तर मद्रासनं दिलं. १९५६ साली तिथं क्षयरोगाच्या औषधोपचाराचं केंद्र सुरू झालं. भारत सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद यांनी ते मिळून चालवलं. वॉलेस फॉक्स हे डॉक्टर त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांमधले रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. निम्मे सॅनेटोरियममध्ये राहिले, चांगलं खाल्लं, आराम केला. निम्मे आपापल्या खोपटात राहिले. औषध दोघांनाही एकच, वर्षभर. १९५९ साली निकाल छापून आला : दोन्हीकडं रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले. पुढची काही वर्षं पाहिल्यावर हेही दिसलं, की रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली, असं नाही.

मैत्रिणींनो, ही साधी गोष्ट नव्हती. रुग्णाला घरातून उपटून दूर नेऊन ठेवायची गरज नाही, हे जगाला आपल्या देशातल्या गरीब माणसांनी दाखवून दिलं. पुढं कितीतरी देशांनी सॅनेटोरियम बंद केली ती याच अभ्यासाच्या आधारानं.

पण त्या अभ्यासाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. मद्रासच्या घरी राहणाऱ्या रुग्णांना नुसती गोळ्यांची पुडी देऊन पाठवलं नव्हतं. आरोग्यसेविका त्यांच्या घरी जात. न सांगता जात. गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलं का ते पाहत, आणि रुग्ण आला नाही तर त्याला शोधत. म्हणजे गोळीच्या मागं माणूस चालत होता. हे दोन्ही मिळून यश आलं होतं.

१९६२ साली देशभर राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत क्षयरोग केंद्रं आली. मद्रासचा अर्धा धडा त्यात उतरला : उपचार घरीच करायचा. उरलेला अर्धा, म्हणजे गोळीच्या मागं चालणारा माणूस, तो मात्र पुरेसा उतरला नाही. औषध तेव्हा बारा ते अठरा महिन्यांचं होतं. रुग्णानं महिन्याला यायचं आणि गोळ्या घेऊन जायचं. कधी इंजेक्शन घ्यायला वारंवार यायचं. आला नाही की वहीत त्याच्या नावापुढं शेरा पडे, ‘डिफॉल्टर’. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. बँकेत कर्ज बुडवणाऱ्याला हाच शब्द आहे. आजारी माणसाला थकबाकीदार ठरवलं गेलं!

‘लोक अडाणी आहेत, त्यांना रोगाचं गांभीर्य नाही,’ असं तेव्हाही म्हणत. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी हे खरं आहे का ते तपासायचं ठरवलं. तुमकूर जिल्ह्यातल्या गावांत जाऊन त्यांनी टीबीची लक्षणं असलेल्यांना गाठलं. १९६३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथं त्यांच्या हातात बहुतेकदा खोकल्याच्या औषधाची बाटली दिली गेली, आणि बेडका न तपासताच परत पाठवलं गेलं. लोक झोपलेले नव्हते. दार वाजवून परतले होते.

पुढची तीस वर्षं अशीच गेली. १९९२ साली सरकारनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं या कार्यक्रमाची तपासणी केली. तेव्हा दिसलं की औषध पुरं करणारे रुग्ण निम्म्याहूनही कमी आहेत, औषधांचा तुटवडा आहे आणि पैसाही अपुरा आहे. त्याच सुमाराला आपल्या मुंबईत, धारावीत, मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी शंभरेक खासगी डॉक्टरांना विचारलं, ‘टीबीला काय औषध लिहाल?’ १९९१ साली छापलेलं उत्तर वाचून आजही अंगावर काटा येतो. त्या शंभरेक डॉक्टरांनी मिळून ऐंशी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. आता सांगा, औषध चुकलं ते नेमकं कुणाचं?

मग आलं डॉट्स. १९९३ साली काही भागांत त्याची चाचणी झाली, १९९७पासून ते पसरत गेलं आणि मार्च २००६मध्ये सारा देश त्यात आला. नव्या औषधांनी मुदत सहा-आठ महिन्यांवर आणली होती. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा एक डबा असे. त्यात पूर्ण मुदतीच्या गोळ्या असत, म्हणजे मधेच साठा संपला असं व्हायचं नाही. आठवड्यातून तीनदा, कुणाच्या तरी समोर गोळी गिळायची. समोर बसणारी कधी अंगणवाडीताई, कधी आशाताई, कधी गावातलाच एखादा दुकानदार. डॉट्सनं लाखो जीव वाचवले, हे आपण मोकळ्या मनानं म्हणू. मद्रासचा हरवलेला माणूस निदान परत आला.

पण तो आता रुग्णाच्या घरी जात नव्हता, रुग्णालाच त्याच्याकडं बोलावत होता. इथं आपल्या जिल्ह्यातल्या तीन बायका डोळ्यांसमोर आणा. या कुणी एक नाहीत. अशा शेकडो आहेत.

पहिली बिडी वळणारी. सकाळी केंद्रावर गेली, रांगेत थांबली, परत आली, की तेवढ्या बिड्या कमी झाल्या. तिची मजुरी हजारावर आहे, त्यामुळं तासाभराचा खाडाही पैशात मोजला जातो. गोळ्या घेतल्यावर मळमळतं, डोकं जड होतं. रिकाम्या पोटी घेतल्या तर जास्तच. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, हात पुन्हा भरभर चालू लागतात. तेव्हा घरातली गरज म्हणते, ‘आता बरी आहेस ना?’

दुसरी ऊसतोडीची. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांतून टोळ्याही निघतात. दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. म्हणजे पाच-सहा महिने. टीबीचं औषधही सहा महिन्यांचं! नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं खाडा केला तर दोघांचा खाडा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतता येत नाही. पालावर दवाखाना नसतो आणि गावाचं केंद्र शंभर कोसांवर राहतं. अशा बाईचं औषध सहा महिने नीट चालावं असं वाटत असेल, तर औषधालाच तिच्यामागं कोयत्यावर जावं लागेल.

तिसरी नवी सून. तिला टीबी आहे हे सासरी कळू द्यायचं नाही. कळलं तर माहेरी धाडतील, मूल जवळ घेऊ देणार नाहीत, ताट वेगळं करतील. महाराष्ट्रात उपळेकर आणि शीला रंगन यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगावी लोकांशी बोलून हेच लिहून ठेवलं : आजारी पुरुषाला पहिली धास्ती रोजगाराची असते, आणि आजारी बाईला संसार मोडण्याची. चारचौघांसमोर आठवड्यातून तीनदा गोळी गिळायला जायचं म्हणजे त्या सुनेसाठी दवंडीच. त्यात एका औषधानं लघवी केशरी-तांबडी होते. घरी संडास नसेल, चारचौघींत बाहेर जावं लागत असेल, तर तेही भीतीचं कारण होतं. कुणी आधी सांगितलेलंच नसतं की हा औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे.

आणि चौथीही आहे. ती स्वतः आजारी नाही, तिचा नवरा आजारी आहे. तो दारू पितो, गोळ्या चुकवतो. घर चालवणं, त्याच्या गोळ्या मोजणं, त्याच्या शिव्या खाणं, सगळं तिच्याकडं. त्याची गोळी चुकली तरी विचारणा तिलाच होते.

या चौघींपैकी कुणी गोळी ‘सोडली’ का? तिच्या हातून ती ‘सुटली’. सोडणं आणि सुटणं यांत आपल्या मराठीनं फरक ठेवला आहे, तो इथं नीट पाळायला हवा. सोडतो तो मुद्दाम सोडतो. सुटतं ते पकड ढिली पडली म्हणून, किंवा कुणी हिसका दिला म्हणून.

गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यक्रमानंही हे थोडंफार ओळखलं आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ‘डिफॉल्टर’ हा शब्द काढून टाकला. आता अशा रुग्णाला ‘पाठपुराव्यातून निसटलेला’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. शेरा बदलला, की विचारायचा प्रश्नही बदलतो. २०१७ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि आठवड्यातून तीनदाऐवजी रोजच्या गोळ्या आल्या, वजनाप्रमाणे. एकाच गोळीत तीन-चार औषधं मिसळलेली असतात आणि गोळ्या घरी नेता येतात. एप्रिल २०१८पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर महिन्याला ५०० रुपये येऊ लागले. नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले.

तरी खाडा कधीकधी सरकारकडूनही पडतो. २०२४ सालच्या मार्चमध्ये गोळ्यांचा पुरवठा अडला, तेव्हा केंद्रानं राज्यांना आपापल्या पातळीवर खरेदी करायला सांगितलं. बाई वेळेवर केंद्रावर आली आणि कपाट रिकामं असलं, तर तो खाडा कुणाच्या नावावर लिहायचा?

पैशाच्या आणि अन्नाच्या बाजूचा सगळ्यांत मोठा पुरावा झारखंडातून आला. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टरांनी तिथल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात अभ्यास केला. २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं त्यात होती. सगळ्याच रुग्णांना महिन्याचा शिधा दिला. काही गावांत रुग्णासोबत घरातल्या प्रत्येकालाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ साली निकाल आला. जिथं सगळ्या घराला शिधा मिळाला, तिथं घरातल्या दुसऱ्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. शिवाय, ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मरणाचं प्रमाण पुष्कळ कमी होतं.

मद्रासनं सांगितलं होतं, औषध नियमित पोटात गेलं तर गरिबाच्या घरातही रोग हटतो. चौसष्ट वर्षांनी झारखंडनं त्यात भर घातली, की ताटात पुरेसं असेल तर माणूस टिकतो आणि घरात दुसरा पडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोळीला भाकरीचा आधार हवा.

आपल्याकडं बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाते. आजारी असली तरी. म्हणून खात्यावर आलेले हजार रुपये तिच्याच ताटात जातात का, हे पाहायला हवं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर डाळ, शेंगा, हरभरे, अंडं किंवा दूध, जे जमेल ते तिला आधी वाढायचं.

इथं आपल्या बचत गटांचं काम सुरू होतं. डॉक्टरचं काम आपण करायचं नाही. गोळीच्या मागं चालणारा माणूस मात्र आपण होऊ शकतो.

पैसे खात्यावर येत नसतील, तर बहुतेक वेळा घोळ नावाचा असतो. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. बँकेची कामं आपल्या गटाला सरावाची आहेत. एकीनं तिच्यासोबत बँकेत जावं.

कोयत्यावर निघणारी बाई असेल, तर निघायच्या आधी केंद्रावर कळवावं. प्रत्येक रुग्णाचा निक्षय क्रमांक असतो. तो घेऊन जिथं जाईल तिथल्या सरकारी केंद्रावर औषध पुढं सुरू ठेवता येतं, फुकट. क्रमांक कागदावर लिहून कनवटीला बांधा, मोबाईलवर विसंबू नका. अडलं तर १८००-११-६६६६ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

घरच्यांना सांगायचं, की टीबी ताटवाटीतून, कपड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. औषध नियमित सुरू झालं की काही आठवड्यांतच लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तोंडावर पदर किंवा रुमाल, खिडकी उघडी, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी, एवढं करायचं. वेगळं ताट करायची गरज नाही. बाळाला अंगावर पाजायचं असेल किंवा दिवस गेले असतील, तरी आपल्या मनानं औषध थांबवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

आणि बायकांना आवर्जून सांगायची एक गोष्ट. टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. त्या काळात दुसरं साधन वापरावं लागतं, ते एएनएमताईंना विचारा. लघवीचा केशरी रंग घाबरण्यासारखा नाही. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शेवटी, गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एकच काम आमच्याकडून. आपल्या गल्लीत, वस्तीत कुणाचं औषध अर्ध्यावर थांबलेलं असेल, तर तिच्याकडं दोघीजणी जा. ‘गोळी का सोडलीस?’ असं विचारू नका. ‘कशामुळं सुटली गं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ती मान खाली घालील. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देईल. ते उत्तर मजुरीचं असेल, उचलीचं असेल, सासूच्या धाकाचं असेल, नाहीतर रिकाम्या डब्याचं. त्यातलं एखादं तरी आपल्या दहाजणींच्या हातानं सुटण्यासारखं असतं.